पाटी चकचकीत, यंत्र बंद

पत्र

सप्रेम नमस्कार. मी गेली सहा वर्षे एका महिला सेवा क्लबाची सभासद असून सध्या सचिव म्हणून काम पाहते. पुढील वर्षाच्या अध्यक्षपदासाठी माझे नाव सुचवण्यात आले आहे आणि पंधरा दिवसांत मला होकार किंवा नकार कळवायचा आहे. एरवी मला आनंदच झाला असता. पण गेल्या महिन्यात काही कामासाठी एका शाळेत गेले असताना, तीन वर्षांपूर्वी आमच्याच क्लबाने दिलेले पाणी शुद्धीकरणाचे यंत्र तेथे कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेले दिसले. शिपाई म्हणाले, "वर्षभरच चाललं, बाई." यंत्र बंद होते, पण त्याच्यावरची आमच्या क्लबाच्या नावाची पाटी मात्र कोणीतरी नेमाने पुसत असावे, इतकी चकचकीत होती. त्यानंतर आठच दिवसांनी आमच्या सभेत दुसऱ्या एका शाळेला तसेच यंत्र देण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला आणि इतिवृत्तात तो मीच लिहून घेतला. मी काहीच बोलले नाही, कारण पहिले यंत्र ज्यांच्या कारकिर्दीत दिले गेले, त्या ज्येष्ठ भगिनी समोरच बसल्या होत्या. माझे यजमान या सगळ्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात आणि मुलगी विचारते, "आई, तुम्ही फोटो काढून परत आल्यावर तिथे काय होतं, हे कोणी बघतं का?" आमच्या चाळीस सभासदांपैकी प्रत्यक्ष राबणाऱ्या पाच-सहाच आहेत; बाकीच्या स्नेहसंमेलने, वाढदिवस, सहली आणि एकसारख्या साड्या यांतच रमतात. हे पद मी स्वीकारावे, की क्लबच सोडून द्यावा?

— एक सचिव

उत्तर

प्रिय भगिनी,

आपण पद स्वीकारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते एका अटीवर स्वीकारावे आणि ही अट आपण क्लबाला नव्हे, तर स्वतःला घालायची आहे: आपल्या वर्षात एकही नवा प्रकल्प सुरू करायचा नाही. हे वाचून आपल्याला धक्का बसेल, याची मला कल्पना आहे. पदग्रहणाच्या दिवशी नव्या अध्यक्षेने आपल्या वर्षाचे घोषवाक्य सांगावे आणि चार नव्या योजना जाहीर कराव्यात, असा रिवाजच पडून गेला आहे; आणि तो न पाळणारी अध्यक्षा एक तर आळशी ठरते किंवा शिष्ट. तरीही मी हे सुचवते आहे, कारण ते झाकलेले यंत्र बंद पडण्याचे खरे कारण मला आपल्या भगिनींच्या हौसेत किंवा प्रसिद्धीच्या आवडीत दिसत नाही. ते मला आपल्या क्लबाच्या दिनदर्शिकेत दिसते.

बहुतेक सेवा क्लबांमध्ये अध्यक्षपद वर्षभराचे असते. रोटरी, लायन्स, इनर व्हील या तिन्ही आंतरराष्ट्रीय संघटनांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि पुढच्या ३० जूनला संपते. त्यांच्या धर्तीवर चालणाऱ्या कितीतरी स्वतंत्र मंडळांनीही वर्षभराच्या कारकिर्दीची पद्धत उचलली आहे. ही पद्धत वाईट आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. तिच्यामुळे कोणी एक बाई तहहयात खुर्ची अडवून बसत नाही, आणि आयुष्यात कधी ध्वनिक्षेपकासमोर उभ्या न राहिलेल्या स्त्रीलाही एके दिवशी सभा चालवावी लागते, ठराव मांडावा लागतो, हिशेबावर सही करावी लागते. हे शिक्षण फार मोलाचे आहे. परंतु याच पद्धतीची दुसरी बाजू अशी, की प्रत्येक अध्यक्षेला बारा महिन्यांच्या आत आपल्या नावावर काहीतरी उभे करून दाखवावे लागते, आणि बारा महिन्यांत उभी राहू शकते ती बहुधा वस्तूच. वार्षिक अहवालात किती प्रकल्प झाले, किती लाभार्थी होते, किती रक्कम खर्च झाली, यांसाठी रकाने असतात. मागच्या वर्षी दिलेले आज चालू आहे की नाही, यासाठी रकाना असलेला अहवाल मी तरी पाहिलेला नाही. ज्या गोष्टीला रकाना नाही, तिची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही. आपल्या त्या यंत्राचे नेमके हेच झाले असणार. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातील फिल्टर काही महिन्यांनी बदलावे लागतात. शाळेला वाटले असणार की ते क्लब बदलून देईल, आणि क्लबाला वाटले की यंत्र दिले तेथेच आपले काम संपले. पहिला फिल्टर संपला, तोवर अध्यक्षाही बदलल्या होत्या.

येथे मी माझी स्वतःचीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर मी उंटावरून शेळ्या हाकते आहे, असे आपल्याला वाटेल. अनेक वर्षांपूर्वी मीही अशाच एका मंडळाची अध्यक्ष होते आणि माझ्या वर्षात आम्ही शाळकरी मुलांचे डोळे तपासून साठ चष्मे दिले. कार्यक्रम देखणा झाला. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, दुसऱ्याच कारणाने, मी त्या शाळेत गेले, तेव्हा एका वर्गात मला जेमतेम तीन मुलांच्या डोळ्यांवर चष्मा दिसला. काहींचे चष्मे फुटले होते, काहींना तो लावून मित्रांचे चिडवणे सोसवत नव्हते. एका मुलीचा चष्मा मात्र शाबूत होता. तिने तो दप्तरातल्या कंपासपेटीत कापडात गुंडाळून ठेवला होता. "लावत का नाहीस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "फुटला तर परत कोण देणार?" त्या मुलीने आमच्या क्लबाची पद्धत आमच्यापेक्षा नीट ओळखली होती. वाढत्या वयात चष्म्याचा नंबर बदलत राहतो, मुलांची दरवर्षी पुन्हा तपासणी व्हावी लागते, हे आम्हाला नेत्रतज्ज्ञांनी सांगितलेही होते. पण 'दरवर्षी' हा शब्द आमच्या एका वर्षाच्या हिशेबात बसत नव्हता.

एकदा ही नजर आली, की क्लबाच्या कामाची यादी निराळीच दिसू लागते. मुलींना सॅनिटरी पॅडचे एकेक पाकीट वाटले, तर ते एकाच पाळीपुरते असते आणि वर्षात पाळ्या बारा-तेरा येतात. तेव्हा शंभर मुलींना एकेक पाकीट देण्याऐवजी आठ मुलींना वर्षभर पुरवठा करणे, किंवा धुऊन पुन्हा वापरता येतील असे पॅड देऊन ते धुण्या-वाळवण्याची सोय आणि माहिती पुरवणे, अधिक खरे काम आहे. मात्र अहवालात शंभर हा आकडा आठपेक्षा भरघोस दिसतो. रक्तदानाचेही तसेच आहे. वर्धापनदिनी एकच भव्य शिबिर भरवण्याची आपल्याकडे फार आवड. परंतु रक्तातील तांबड्या पेशी जास्तीत जास्त सहा आठवडे साठवता येतात आणि प्लेटलेट तर साधारण पाचच दिवस टिकतात. म्हणजे एका दिवशी दोनशे पिशव्या गोळा करून उरलेले वर्षभर शांत बसण्यापेक्षा, रक्तपेढीला विचारून तिच्या टंचाईच्या दिवसांत चार लहान शिबिरे घेणारा आणि हाक मारताच येतील अशा रक्तदात्यांची यादी अद्ययावत ठेवणारा क्लब रुग्णांच्या अधिक उपयोगी पडतो. त्या यादीचा फोटो निघत नाही, ही तिची एकमेव उणीव.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगते. पद हाती येण्यापूर्वीचे दोन-तीन महिने आपल्याला मिळतील आणि आपण सचिव आहात, हे फार सोयीचे आहे, कारण जुनी इतिवृत्ते आपल्याच कपाटात आहेत. त्यांतून मागील पाच वर्षांत क्लबाने कोणाला काय दिले, याची एक साधी यादी काढा आणि दोघी-दोघींनी जाऊन त्या प्रत्येक ठिकाणाला भेट द्या. जाताना बॅनर नेऊ नका, आधी समाज माध्यमांवर घोषणा करू नका आणि कृपा करून छायाचित्रकार तर मुळीच नेऊ नका. तेथे गेल्यावर "आमचे यंत्र नीट चालू आहे ना?" असे विचारू नका; या प्रश्नाचे उत्तर शिष्टाचारापोटी नेहमी 'हो' असेच येते. "याचा सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?" असे विचारा आणि मग गप्प बसा. मुख्याध्यापकांना विचाराल तेव्हा शिपायांनाही विचारा. आपल्याला खरे काय ते त्यांनीच सांगितले होते.

या फेरीतून तीन तऱ्हेची कामे हाती लागतील. काही थोड्याशा पैशांत पुन्हा चालू होण्याजोगी असतील. काहींना पैशांपेक्षा माणसाची गरज असेल. म्हणजे वाचनालयाला पुस्तके मिळाली आहेत, पण आठवड्यातून दोन तास ते उघडून बसायला कोणी नाही. आणि काही अशी निघतील, की ती मुळात मागितलीच नव्हती. ती मानाने बंद करावीत आणि वस्तू दुसऱ्या गरजूंकडे पोहोचवावी. बंद करण्याची लाज वाटू देऊ नका. यानंतर जे निवडाल, त्यासाठी पैशाची तरतूद एका वर्षाची न करता किमान तीन वर्षांची करा आणि ती खजिनदारांकडून स्वतंत्र दाखवून घ्या. लायन्स क्लबांमध्ये प्रशासनाचा निधी आणि लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेला निधी वेगवेगळे ठेवण्याचा दंडक आहे, आणि लोकांकडून आलेला पैसा क्लबाच्या स्वतःच्या खर्चाला वापरता येत नाही. आपल्या नियमावलीत असे कलम नसेल, तर ते आणा. स्नेहभोजनाचा आणि स्मृतिचिन्हांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतूनच होतो, हे चार लोकांना ठणकावून सांगता आले, की 'लष्कराच्या भाकऱ्यां'चा अर्धा टोमणा आपोआप गळून पडतो. उरलेला अर्धा गळेल, असे आश्वासन मी देणार नाही. यजमानांना एकदा वाचनालयाच्या पाळीवर बसवून पाहा.

सर्वांत नाजूक प्रश्न आहे तो त्या ज्येष्ठ भगिनींचा, ज्यांच्यासमोर आपली जीभ उचलली नाही. आपण गप्प बसलात, याबद्दल स्वतःला फार बोल लावू नका. भर सभेत "आपण दिलेले यंत्र बंद आहे" असे म्हटले असते, तर ते त्यांच्या वर्मी लागले असते आणि पुढचे सहा महिने यंत्राऐवजी त्या वाक्यावर चर्चा झाली असती. मात्र हे मौन आणखी लांबवू नका, कारण दुसऱ्या शाळेचा ठराव संमत झालेला आहे आणि खरेदी होण्यापूर्वीच बोलले पाहिजे. त्यांना एकटीने घरी भेटा. "ताई, तुमच्या वर्षातलं ते काम मला पुन्हा उभं करायचं आहे आणि त्याची सगळी माहिती तुमच्याइतकी कोणालाच नाही, तुम्ही माझ्याबरोबर शाळेत याल का?" एवढेच म्हणा. बंद यंत्राची बातमी त्यांना आपल्या तोंडून कळण्याऐवजी स्वतःच्या डोळ्यांनी कळू द्या. माझा अनुभव असा, की मावळत्या आणि माजी अध्यक्षांना टीका सहन होत नाही, यापेक्षा त्यांना विसरले जाणे अधिक सहन होत नाही. ३० जूनपर्यंत ज्यांच्या शब्दाला मान होता, त्यांना १ जुलैपासून कोणी फोन करीत नाही. पहिल्या रांगेतली राखीव खुर्ची तेवढी उरते. जुन्या कामांच्या देखभालीची समिती करा आणि ती माजी अध्यक्षांच्याच हाती सोपवा, अनुभवाची ही शिदोरी वाया का घालवायची? त्यांनी मानाने होकार दिला, तर दुसऱ्या शाळेच्या ठरावात फिल्टर बदलण्याचा खर्च, त्याची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव ही तीन वाक्ये घालण्याची सूचना त्याच मांडतील आणि आपल्याला अनुमोदनापुरताच हात वर करावा लागेल.

चाळीसपैकी पाच-सहाच राबतात, हे गाऱ्हाणे मला येणाऱ्या पत्रांतून इतक्या वेळा येते, की त्यावर वेगळा लेख व्हावा. पण येथे थोडक्यात सांगते. उरलेल्या पस्तीस जणी आळशी नाहीत. त्यांना नेमके काय करायचे, हे कोणी सांगितलेले नसते. "सर्वांनी सहकार्य करावे" हे वाक्य कोणालाच उद्देशून नसते. 'दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी एक तास वाचनालय उघडणे' हे मात्र एका बाईला उद्देशून असते आणि नोकरी करणारी तरुण सभासदही ते आनंदाने अंगावर घेते. आपल्या सभा कामाच्या दिवशी भर दुपारी होत असतील, तर तिच्याकडून उपस्थितीची अपेक्षा करणे हा अन्यायच आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे, कामाला पाठवण्यापूर्वी शिकवावे. न्यूयॉर्कमध्ये १९०१ साली मेरी हॅरिमन नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या मैत्रिणींना जमवून ज्युनियर लीग स्थापन केली, ती स्थलांतरितांच्या वस्त्यांत काम करण्यासाठी. या सुखवस्तू घरांतल्या मुली, त्यांना गरिबीची ओळखही नव्हती. म्हणून जाणत्यांची व्याख्याने ठेवून त्यांना आधी प्रश्न समजावून देण्याची पद्धत तेथे रुळली आणि नव्या सभासदाला प्रशिक्षण देण्याची परंपरा त्या संघटनेत पुढेही राहिली. आपल्याकडे नव्या सभासदाला पहिल्या दिवशी बिल्ला मिळतो, क्लबाचे गीत मिळते. ज्या वस्तीत आपण काम करतो, तिची माहिती कोणी देत नाही.

आपल्या पत्रात एक सूर असा आहे, की स्नेहसंमेलने, वाढदिवस, सहली, एकसारख्या साड्या हे सगळे उथळ आणि सेवा तेवढी खरी. येथे मी आपल्याशी सहमत नाही. मँचेस्टरमध्ये मार्गरेट गोल्डिंग या परिचारिका आणि उद्योजक बाईंनी १९२४ च्या जानेवारीत ज्या क्लबाची स्थापना केली आणि ज्यातून इनर व्हील उभे राहिले, त्याच्या सुरुवातीच्या बैठका एका तुर्की स्नानगृहाच्या जागेत भरत. तेथे जमणाऱ्या स्त्रिया रोटरी क्लबाच्या सभासदांच्या पत्नी होत्या. खुद्द रोटरीने स्त्रियांना सभासदत्व खुले केले ते १९८९ मध्ये. त्या काळी घराबाहेर हक्काने बसायला मिळेल अशी जागा आणि 'अमक्यांची पत्नी' या ओळखीपलीकडचे काम, दोन्ही त्यांना एकाच वेळी हवे होते, आणि मैत्री व सेवा ही दोन्ही उद्दिष्टे त्या संघटनेने आजतागायत शेजारी-शेजारी ठेवली आहेत. आपल्या क्लबातील एखादी भगिनी केवळ गाणी म्हणायला येत असेल. तिच्या घरी काय चालले आहे, हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. तिच्यावर काम लादू नका. मैत्रीखातर आलेल्या बायकाच पुढे वर्षानुवर्षे टिकतात आणि टिकाऊ कामाला टिकणारी माणसे लागतात.

मुलीच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायला हवे. तिला कदाचित वाटत असेल, की बायकांच्या क्लबांनी आजवर वाटपापलीकडे काही केले नाही. तिला कॅनडातील ॲडिलेड हूडलेस यांच्याबद्दल सांगा. त्यांचा तान्हा मुलगा १८८९ मध्ये दगावला. दूषित दूध हे त्याचे कारण मानले गेले. त्यांनी त्यानंतर दुधाच्या बाटल्या वाटल्या नाहीत. आईला घरातील स्वच्छतेचे, आहाराचे शास्त्र शिकायला मिळाले पाहिजे, या एकाच गोष्टीचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १८९७ मध्ये स्टोनी क्रीक या गावी पहिली विमेन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे ग्रामीण स्त्रियांची संस्था, सुरू झाली. पुढे ही चळवळ १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचली आणि इतर देशांतही पसरली. एका बाईच्या कारकिर्दीला पुरून उरेल असे काम निवडले, म्हणून ते तिच्या मृत्यूनंतरही चालू राहिले.

पद नाकारण्यासारखी परिस्थिती एकच आहे, तीही सांगून ठेवते. हिशेब दाखवायला टाळाटाळ होत असेल, किंवा लोकांकडून एका कामासाठी घेतलेला पैसा दुसरीकडे वळवला गेल्याचे आपल्याला दिसले असेल, तर अध्यक्षा होऊन त्यावर पांघरूण घालू नका. आधी लेखी विचारणा करा आणि समाधानकारक उत्तर येईपर्यंत होकार देऊ नका. आपल्या पत्रात तशी शंका कोठेही नाही, म्हणून या मुद्द्यावर मी अधिक लिहीत नाही.

होकार कळवायला आपल्याकडे पंधरा दिवस आहेत. त्या शाळेला फोन करण्यासाठी मात्र अध्यक्ष होण्याची वाट पाहू नका. ते सचिवांच्या, किंबहुना साध्या सभासदाच्याही अधिकारात बसते. जाल तेव्हा कापड बाजूला सारून यंत्राच्या मागच्या बाजूची चिठ्ठी पाहा. तिच्यावर बहुधा मॉडेलचा क्रमांक असतो. तो लिहून घेतला, की फिल्टर कोणता लागेल ते दुकानदार सांगू शकेल.

आपली,
सदरलेखिका